जावळी ते कोल्हापूर : एका समर्थनाचा प्रवास

महाड तालुक्यातल्या हिरकणीवाडीत रोपवेच्या रांगेत उभे राहिले की समोर रायगडाचा सरळ तुटलेला कडा असतो, आणि रांगेतल्या पोराबाळांना कोणीतरी हिरकणीची गोष्ट सांगत असते. ती सांगायलाच हवी. पण या डोंगराला रायगड म्हणू लागण्यापूर्वीची, रायरी असतानाची एक गोष्ट त्या रांगेत कधी ऐकू येत नाही. १६५६ साली जावळीचा चंद्रराव मोरे आपला मुलूख हातचा गेल्यावर जीव वाचवायला या डोंगरावर आला होता. पुढे ज्या माथ्यावर राज्याभिषेक झाला, तो माथा आधी एका हरलेल्या सरंजामदाराचा शेवटचा आसरा होता.

मोऱ्यांचे घराणे साधेसुधे नव्हते. चंद्रराव हा त्यांना आदिलशाहीने दिलेला किताब. जो गादीवर बसेल तो चंद्रराव. महाबळेश्वराच्या पायथ्याची दाट जंगले, कोकणात उतरणारे घाट आणि सावित्रीकाठच्या महाड बंदराकडे जाणारी वाट, एवढे ज्याच्या हातात तो नावाला विजापूरचा चाकर असला तरी आपल्या खोऱ्यात राजाच. जावळी ताब्यात आल्याशिवाय शिवाजी महाराजांना दक्षिणेकडे आणि कोकणाकडे पाऊल टाकता येत नव्हते. १६५६च्या जानेवारीत जावळी पडली, चंद्रराव रायरीवर गेला, वेढा पडला आणि शिळीमकरांच्या मध्यस्थीने तो खाली उतरला, असे जेधे शकावलीवरून दिसते. पुढे तो मारला गेला.

सभासदाची हकीकत वेगळी आहे. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या दरबारातला माणूस. जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९७च्या सुमारास त्याने बखर लिहिली. तो सांगतो की रघुनाथ बल्लाळ सबनीस हेजीब म्हणून जावळीला गेला, बोलणी करता करता त्याने कट्यार चालवली आणि चंद्रराव व त्याचा भाऊ सूर्यराव यांना मारले. हणमंतराव मोऱ्याला संभाजी कावजीने सोयरिकीच्या बोलण्यासाठी एकांतात बसवले आणि तिथेच संपवले. दोन्ही हकीकती तपशिलात जुळत नाहीत. इतिहासकार त्यावर वाद घालत आले आहेत आणि तो वाद महत्त्वाचाच आहे. मला मात्र सभासदाचा सूर अधिक विचार करायला लावतो. चंद्ररावाला मारल्याशिवाय राज्य साधत नाही असे राजाने ठरवले, माणूस नेमला आणि काम झाले, हे तो सरळ लिहितो. ज्याने हुकूम दिला त्याचे नाव लपवत नाही, आणि त्या कृत्याला पुण्याचा मुलामाही चढवत नाही.

सत्तेच्या गरजेपोटी केलेले, राजाने आपल्या नावावर घेतलेले हे काम होते. नावावर घेणे म्हणजे पुढचे सगळे अंगावर घेणे. जावळीच्या खोऱ्याचा बंदोबस्त, रयतेचा वसूल, दादफिर्याद, सगळे त्यानंतर महाराजांच्या माथी आले. प्रतापगड बांधला गेला. मोऱ्यांच्या बाजूने लढलेला मुरारबाजी देशपांडे महाराजांकडे आला आणि १६६५ साली पुरंदरावर दिलेरखानाशी लढताना पडला. हरलेल्या बाजूचा माणूस नऊ वर्षांनी नव्या राज्यासाठी प्राण देतो, हा मला त्या राज्याच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा वाटतो.

सत्तेसाठी केलेला प्रत्येक खून मराठी समाजाने असाच पचवला, असेही नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला कापले. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, बोट त्याचा चुलता रघुनाथरावाकडे गेले, आणि गादीवर बसलेल्या माणसाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे काही नाही असे शास्त्रीबुवांनी तोंडावर सांगितल्याचे परंपरा सांगते. ते पुणे सोडून गेले. बारभाई म्हणवणाऱ्या कारभाऱ्यांनी रघुनाथरावाला गादीवर टिकू दिले नाही. म्हणजे खुनाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न थेट पेशव्याला विचारता येतो, ही शिकवणही आपल्याच घरातली आहे.

मग १८२६ साली ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास आला. साताऱ्यात रेसिडेंट राहिलेल्या या कप्तानाने जावळीच्या प्रकरणाला सरळ कपटी खून ठरवले. त्याचे मराठी भाषांतर झाले आणि इंग्रजी अमदानीतल्या शाळकरी पिढीने आपल्या राजाची ओळख त्यातून करून घेतली. त्या पिढीला किती झोंबले असेल! १८६०च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी पुण्यात विद्यार्थी असतानाच डफवर टीका लिहिली. जित लोकांना आपला इतिहास आरोपीच्या पिंजऱ्यातून वाचावा लागत होता. पण पिंजऱ्यात उभे राहिले की माणूस वकिली करू लागतो, आणि वकिलीला एका कृत्यापुरते उत्तर पुरत नाही, तिला तत्त्व लागते.

ते तत्त्व टिळकांनी दिले. १८९५ साली त्यांनी रायगडावरच्या समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ उभारली, १८९६ साली गडावर उत्सव झाला. पुढच्या वर्षी जूनमध्ये पुण्यातल्या उत्सवात प्रा. भानूंनी अफझलखानाच्या वधावर व्याख्यान दिले. अध्यक्षपदावरून टिळक बोलले. खानाला मारण्याचा बेत महाराजांनी आधीच केला होता असे मानले तरी दोष लागत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वार्थ नाही, लोकहितासाठी केले, फळाची आसक्ती नाही, तर पाप नाही. गीतेचा आधार त्याला होताच. १५ जूनला हे केसरीत छापून आले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या कटातले चाफेकर बंधू फासावर गेले.

त्या भाषणाने गोळी झाडली, असे मी म्हणत नाही. प्लेगच्या काळात घराघरांत गोरे सोजीर घुसले होते, तो संताप खरा होता आणि दामोदर चाफेकरांचे धैर्यही खरे होते. मला म्हणायचे आहे ते वेगळे. सभासदाच्या बखरीत कृत्यामागे एक राज्य उभे होते. टिळकांच्या युक्तिवादात राज्याची जागा हेतूने घेतली. राज्याची परीक्षा रयत करते, पीक बुडाले की, वसूल वाढला की. हेतूची परीक्षा कोण करणार? तो ज्याचा त्यालाच ठाऊक. थोर पुरुषासाठी बांधलेली ही वाट कोणालाही चालून जाता येईल अशी झाली.

जपानात हे आपल्याही आधी घडले. हिकोनेचा सरदार ई नाओसुके हा शोगुनाचा मुख्य मंत्री. १८५८ साली त्याने सम्राटाच्या संमतीविना अमेरिकेशी तह केला आणि विरोधकांना चिरडले. १८६०च्या मार्चमध्ये बर्फ पडत असताना एदो किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर मितो संस्थानच्या सतरा आणि सात्सुमा संस्थानच्या एका सामुराईने त्याला पालखीत गाठून मारले. मारेकऱ्यांनी आपल्या कृत्याची कारणे लिहून बरोबर आणली होती. शोगुनशाहीने मात्र तो जखमी आहे असे दाखवत त्याचा मृत्यू कित्येक दिवस दडवला. पुढे याच मारेकऱ्यांना देशभक्त म्हणून मान मिळाला. १९३२ साली नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई यांना त्यांच्या घरात घुसून गोळ्या घातल्या, तेव्हा आरोपींचा हेतू निर्मळ होता म्हणून दयेसाठी लाखो लोकांनी सह्या केल्या. शिक्षा सौम्य झाल्या, आणि पक्षांची सरकारे जपानात महायुद्ध संपेपर्यंत पुन्हा आली नाहीत.

आपल्याकडे ३० जानेवारी १९४८ उजाडला. गांधीजींवर गोळ्या झाडणाऱ्या नथुराम गोडसेने न्यायालयातल्या निवेदनात अफझलखानाच्या वधाचा दाखला दिला, गांधीजींनी शिवाजी महाराजांना वाट चुकलेला देशभक्त म्हटल्याचा राग काढला, आणि आपल्या कृत्यामागे स्वार्थ नव्हता हे परोपरीने मांडले. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या चौकटीत हे निवेदन चपखल बसते, आणि म्हणूनच ते वाचताना अंगावर काटा येतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी राजा स्वतः समोर गेला होता, समोरचा सशस्त्र होता, मागे फौज होती. मेलेल्या खानाला त्याने रीतसर पुरले. इथे प्रार्थनेला निघालेला एक म्हातारा होता. सातारा-कोल्हापूरकडे त्यानंतर निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जळली. त्या आगीची जबाबदारीही कोणी घेतली नाही.

गोविंद पानसरे यांनी १९८८ साली ‘शिवाजी कोण होता?’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्याच्या प्रती लाखांवर खपल्या. या राजाचे मोठेपण त्याच्या रयतेशी असलेल्या वागणुकीत आहे, हा त्याचा गाभा. जावळीच्या प्रश्नाला मला सर्वांत जवळचे उत्तर तिथे सापडते, कारण पानसरे हेतू न तपासता राज्य तपासतात. १६ फेब्रुवारी २०१५च्या सकाळी कोल्हापुरात फिरायला गेलेल्या पानसरे पतीपत्नीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे नरेंद्र दाभोलकर असेच फिरायला गेले असताना मारले गेले. दाभोलकर खटल्याचा निकाल मे २०२४ मध्ये लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, बाकीचे तिघे पुराव्याअभावी सुटले. हुकूम कोणाचा होता, हे अजून कोणी आपल्या नावावर घेतलेले नाही.