मृदू कौशल्ये आणि वाणीचे तप

दुसऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे, मतभेद चिघळू न देता मिटवणे, अवघड गोष्ट समोरच्याचा मान राखून सांगणे या क्षमतांना आजच्या नोकरीच्या जगात ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणजे मृदू कौशल्ये म्हणतात. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणविचारात यंत्रे हाताळण्याच्या कौशल्यांहून माणसांशी वागण्याची कौशल्ये वेगळी मानली गेली, तेव्हा ही संज्ञा वापरात आली. आज आयटीआयच्या अभ्यासक्रमातही रोजगारक्षमतेचा विषय असतो आणि उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत काम शोधणाऱ्या तलासरीच्या तरुणाकडूनही या क्षमतांची अपेक्षा केली जाते. त्यांची उपयुक्तता वादातीत आहे. तात्त्विक प्रश्न एवढाच उरतो की, ज्या सौजन्याला बाजारात भाव येतो ते सद्गुण राहते काय.

ॲरिस्टॉटलने कौशल्य आणि सद्गुण यांत एक नेमका भेद केला आहे. जाणूनबुजून चूक करणारा कारागीर त्यामुळे अकुशल ठरत नाही, परंतु जाणूनबुजून अन्याय करणाऱ्याला मात्र सद्गुणी म्हणता येत नाही. म्हणजेच कौशल्य हेतूविषयी तटस्थ राहू शकते, सद्गुण राहू शकत नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात ‘वाङ्मय तप’, म्हणजे वाणीने करावयाचे तप, सांगताना बोलणे उद्वेग न आणणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे अशी अपेक्षा केली आहे. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार ही सर्व लक्षणे एकत्र असावी लागतात आणि त्यांपैकी एकही उणे असल्यास ते बोलणे तप ठरत नाही. ग्राहकसेवेच्या प्रशिक्षणात मात्र बहुधा अनुद्वेग आणि प्रियता एवढ्यांवरच भर असतो, तर सत्य आणि हित ही व्यवस्थापनाच्या सोयीवर सोडलेली असतात.

केवळ प्रिय बोलणे कोठवर जाऊ शकते याचे उत्तर डहाणू-तलासरीच्या इतिहासात सापडते. जमीनदार आणि सावकार यांच्या शेतांवर वारली आदिवासी कुटुंबे वेठ, म्हणजे मोबदल्याविना सक्तीचे काम, करीत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पती-पत्नी दोघेही ‘लग्नगडी’ म्हणून वर्षानुवर्षे राबत. मालकासमोर आवाज खाली ठेवणे, उलट न बोलणे, त्याचा राग ओळखून वागणे या गोष्टी तेथे जगण्याची अट होत्या, आणि बाहेरून पाहिले तर त्या संयम व समंजसपणासारख्याच दिसत असणार. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे भरलेल्या परिषदेत वेठ न करण्याचा निर्धार झाला, तेव्हा ज्या मौनाला वरचे लोक नम्रता समजत होते त्यात भीतीचा भाग किती मोठा होता हे उघड झाले. नकार देण्याची मोकळीक नसते तेथे नम्रता आणि दास्य यांत भेद करता येत नाही, हा या घटनेचा तात्त्विक अर्थ आहे.

त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये केंद्राचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखण्यात आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यात दिवस जाणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, हा मुलांचा दोष न मानता त्यांनी पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी आणि चराईच्या रानात कुरणशाळा भरवली. मुलांना न्हाऊमाखू घालण्यापासून काम सुरू होई, आणि बिया, शिंपले, पाने हीच शिकवण्याची साधने होत. समोरच्याच्या जगण्याप्रमाणे संस्थेनेच आपली घडी बदलणे हा ऐकून घेण्याचा सर्वांत कठीण प्रकार असून, सत्य, प्रिय आणि हित ही तिन्ही लक्षणे तेथे एकत्र आलेली दिसतात.

अंगणवाडी हेच नाव १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर पोहोचले. मातेचा विश्वास मिळवणे, कुपोषित बालकाच्या घरी पुन्हा पुन्हा जाणे, वाईट बातमी दोष न देता सांगणे हे अंगणवाडी सेविकांचे रोजचे काम पूर्णतः मृदू कौशल्यांचेच आहे; तरीही त्यांना मानसेवी गणून वेतनाऐवजी मानधन दिले जाते, आणि त्या उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. कार्यालयातील व्यवस्थापकाला ज्या क्षमतेसाठी बढती मिळते तीच पाड्यावरच्या स्त्रीच्या बाबतीत स्वभावधर्म समजली जाते, यावरून कौशल्याचे मोल ठरवताना ते कोणाकडे आहे हेही पाहिले जाते असे म्हणावे लागते.

यावर असा आक्षेप येईल की, सद्गुणही सवयीनेच अंगी बाणतात असे ॲरिस्टॉटलच सांगतो, मग प्रशिक्षणाने लावलेली सौजन्याची सवय कालांतराने सद्गुण का होऊ नये. हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच प्रशिक्षण निरर्थक नाही. मात्र सवयीतून काय निपजेल हे ती कोणत्या संबंधात लागते यावर अवलंबून असते. वरिष्ठाला अप्रिय सत्य सांगणारा कनिष्ठ जेथे सुरक्षित असतो आणि मुलाखतीत कमी बोलणाऱ्या वारली तरुणाचे मौन उणीव ठरवण्याआधी प्रश्न विचारणारा आपली पद्धत तपासतो, तेथे सौजन्याची सवय सद्गुणाकडे जाते; जेथे सौजन्य केवळ खालच्याकडून वरच्याकडे वाहते, तेथे त्या सवयीतून वेठीचेच सौम्य रूप घडते. त्यामुळे मृदू कौशल्यांची परीक्षा कर्मचाऱ्याआधी संस्थेची घेतली जाणे न्यायाचे ठरते.