बंब रिकामा करताना

आमच्या कोल्हापूरच्या घरी परसात तांब्याचा बंब होता. रोज पहाटे आजी आधी त्यात पाणी भरी आणि मगच मधल्या नळकांड्यात शेणी-चिपाडं टाकून विस्तव करी. कोरड्या बंबात विस्तव घातला की डाख सुटतो, हे ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. अधूनमधून ती बंब पुरा रिकामा करी, तळाचा गाळ काढी, चिंच आणि राख लावून तो घासून पुन्हा भरी. घरातला एकही पुरुष त्या कामाकडे फिरकत नसे. मीही फिरकलो नाही.

आज मी उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान गावात राहतो. जिन्याखालच्या कपाटात दोनशे लिटरची, फोमचं जाड आवरण असलेली उभी टाकी आहे. इथे तिला थर्मल स्टोअर म्हणतात. मला विचाराल तर तो बंबच. लाकडाच्या शेगडीची आणि बॉयलरची उष्णता तिच्यातल्या पाण्यात साठते आणि तेच पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांतून फिरतं. अंघोळीचं पाणी वेगळं. ते टाकीच्या आतल्या तांब्याच्या वेटोळ्यातून जाता जाता तापतं, टाकीतल्या पाण्यात मिसळत नाही. टाकीतलं पाणी ७५ अंशांवरून ३५ वर उतरेपर्यंत ती घराला सुमारे नऊ युनिट उष्णता देते. बाहेर बर्फ पडत असताना ही नऊ युनिटं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

या टाकीच्या ऊबेत मी नऊ वर्षं काढली. मागच्या हिवाळ्यात एका रेडिएटरचा व्हॉल्व्ह गळू लागला. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने विचारलं, "ड्रेन कॉक कुठे आहे?" पाणी सोडून द्यायचा तो नळ कुठे, ते मला सांगता येईना. "आतलं पाणी शेवटचं कधी बदललं?" तेही सांगता येईना. माझ्याजवळ मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी आहे. त्या क्षणी मला लाज वाटली, आणि ती नुसत्या अज्ञानाची नव्हती. हे माहीत असणं आपलं काम नाही, असं मी इतकी वर्षं मनोमन धरून चाललो होतो, त्याची ती लाज होती.

ही समजूत मी इंग्लंडात मिळवलेली नाही. ती मी घरून आणली. ज्याच्या हाताला चिखल लागतो तो खालचा आणि ज्याच्या बोटाला शाई लागते तो वरचा, ही उतरंड आपण पिढ्यान्‌पिढ्या पोसली. कारागिरांच्या हातातलं शास्त्र आपण वापरलं, पण त्याला शास्त्र म्हटलं नाही. आजीच्या हातातल्या शास्त्राला तर आपण नुसतं 'बायकांचं काम' म्हणून बाजूला सारलं. जात मानत नाही असं आपण म्हणतो, पण घरातला नळ गळू लागला की आपल्या कपाळावर जी आठी उमटते, तिच्यात जात जिवंत असते.

ही उतरंड मोडायला आपल्याकडची मोठी माणसं झटली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे 'कमवा आणि शिका' म्हणत विद्यार्थ्यांच्या हातात पुस्तकाबरोबर कुदळही दिली. अप्पासाहेब पटवर्धन तत्त्वज्ञानाचे एम.ए. त्यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम मागितलं. वरच्या जातीचे म्हणून त्यांना ते नाकारलं गेलं. त्यांनी हट्ट सोडला नाही, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी डिसेंबर १९३२ मध्ये उपवास आरंभला. मैला उचलण्याच्या कामाचा हक्क मागणारा हा माणूस आपल्याच कोकणातला. आपण त्यांचं नाव आदराने घेतो आणि घरातला स्टॉपकॉक कुठे आहे ते पाहत नाही.

त्या कारागिराने मला शेजारी उभं करून टाकी कशी रिकामी करायची ते सगळं दाखवलं. पुढच्या वेळी मी ते माझ्या हातांनी केलं.

आदल्या रात्रीपासून शेगडी विझलेली हवी, म्हणजे पाणी निवतं. तापलेल्या पाण्याने हात भाजतो. बॉयलर बंद, टाकीतल्या विजेच्या हीटरचं बटणही बंद. कोरड्या टाकीत हा हीटर चालू राहिला तर जळून जातो, म्हणजे आजीचाच नियम. मग हिला पाणी पुरवणाऱ्या माळ्यावरच्या छोट्या टाकीचा बॉलकॉक दोरीने वर बांधायचा, नाहीतर खालून जितकं जाईल तितकं वरून येत राहतं. ड्रेन कॉकला नळी लावून तिचं दुसरं टोक बाहेर, टाकीच्या तळापेक्षा खाली सोडायचं. थोडं पाणी येतं आणि धार अडते. आत हवा शिरल्याशिवाय पाणी बाहेर येणार कसं? वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरचे हवेचे स्क्रू सैल केले की ते पुन्हा वाहू लागतं.

माझ्या नळीतून आलेलं पाणी शाईसारखं काळं होतं. रेडिएटरचं लोखंड आतून झिजून तो काळा गाळ झाला होता. लोहचुंबक जवळ नेला की त्याला तो चिकटतो. तो तळाशी बसला की रेडिएटर वर गरम आणि खाली थंड लागतो. माझ्या बैठकीतला एक रेडिएटर असाच अर्धा थंड होता आणि मी मुकाट्याने शेगडीत जास्त लाकूड घालत होतो. अज्ञान फुकट नसतं. त्याची किंमत मी लाकडात आणि धुरात मोजली. पाणी बदलण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नव्या पाण्याबरोबर नवा प्राणवायू आत जातो आणि गंज पुन्हा सुरू होतो, म्हणून हौसेखातर सारखं पाणी बदलणं हीही नासाडीच. भरताना गंजरोधक औषध घालायचं, साधारण शंभर लिटरला एक लिटर. नेमकं प्रमाण बाटलीवर असतं. पाणी सावकाश सोडायचं, आधी खालच्या मजल्यावरची हवा काढायची, मग वरची. टाकी काठोकाठ भरल्याची खात्री होईपर्यंत शेगडीला काडी लावायची नाही.

ते काळं, औषध मिसळलेलं पाणी कुठे सोडायचं, याकडे मी सर्वांत जास्त लक्ष देतो. रस्त्याकडेची पावसाच्या पाण्याची जाळी नळीला सोयीची असते, पण इथल्या अनेक गावांत ती थेट ओढ्याला किंवा नदीला मिळते. हे पाणी सांडपाण्याच्या गटारातच जायला हवं. आपल्या उंबऱ्यापलीकडे गेलेली घाण आपली राहत नाही, हीच समजूत पंचगंगेच्या आणि मुठेच्या काठावर आपल्याला काय दाखवते ते सांगायला नको.

हातांनी काम करायचं म्हणजे सगळ्यातच हात घालायचा, असं मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये गॅसच्या कामाला गॅस सेफ नोंदणी असलेलाच माणूस लागतो, आणि दाबाखालची बंद टाकी असेल तर तिथेही प्रशिक्षित कारागीर हवा. हे कायदे माणसांचे जीव वाचवण्यासाठी आहेत. आपलं घर जाणणारा माणूस कारागिराची किंमत करतो, कारण त्याच्या कामातलं कसब त्याला दिसतं. मला ते दिसायला नऊ वर्षं लागली.

पुण्या-कोल्हापुरातल्या गच्च्यांवर आज सोलरच्या टाक्या आहेत. बोअरवेलच्या जड पाण्याचा क्षार त्यांत थरावर थर बसतो. टाकी रिकामी करायची सोय असते, पण ती वापरलेली किती घरांत कुणाला आठवते? पाणी तापेनासं झालं की ज्याला बोलावतो, त्याचं नावसुद्धा अनेकांना माहीत नसतं.

या रविवारी घरातल्या सर्वांना, मुलगा-मुलगी असा भेद न करता, सोबत घ्या. पाणी कुठून येतं, कुठे बंद होतं आणि टाकी कुठून रिकामी होते, ते एकदा हात लावून पाहा. पुढच्या वेळी दुरुस्तीला माणूस येईल तेव्हा त्याला नावाने हाक मारा, चहा द्या, आणि तो काम करत असताना शेजारी उभं राहून शिका.