तापमापकाची जागा

बुलढाणा, चैत्र

चि. नातीस,


जुन्या मारुती आठशेला बाहेरचं तापमान दाखवणारं मीटर बसवायचंय, स्वस्तातलं घेऊ की महागातलं, असं तू विचारलंस. ते सांगतो, पण त्याच्याआधी एक प्रश्न येतो आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. सेन्सर बसवणार कुठे? दुकानदार हे विचारत नाही. बसवून देणारा पोरगाही बंपरला टाय मारतो, वायर आत ओढतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. मीटर लागतं, आकडा दिसतो, सगळे खूश. तो आकडा कशाचा, हे मात्र कोणी बघत नाही.

तापमापक हवेचं तापमान दाखवतो असं आपण म्हणतो. खरं तर तो फक्त स्वतःचं तापमान दाखवतो. इंजिनाजवळ बसवलास तर इंजिनाने तापलेला तो, उन्हात बसवलास तर उन्हाने भाजलेला तो. त्याचं स्वतःचं तापमान आणि आजूबाजूच्या हवेचं तापमान एक होईल अशी सोय करणं, एवढंच बसवणाऱ्याचं काम आहे, आणि तेच अवघड आहे. हवामान खात्याचं काम 1875 साली सुरू झालं, तेव्हापासून त्यांनाही हीच काळजी घ्यावी लागली आहे. वेधशाळेत तिरप्या पट्ट्यांच्या भिंती असलेली पांढरी पेटी असते ना, ती 1864 साली थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरने सुचवली. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे ते वडील. पांढरा रंग ऊन परतवतो, तिरप्या पट्ट्यांतून वारा खेळतो पण ऊन आत शिरत नाही, आणि पेटी जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच असते, म्हणजे तापलेल्या जमिनीची झळ थेट लागत नाही. पेपरात बुलढाण्याचा जो आकडा छापून येतो, तो अशा सावलीतला.

तुझा सेन्सर डांबरी रस्त्यापासून फूट-दीड फुटावर लटकणार. वैशाखात दुपारी डांबर साठ अंशांच्याही पुढे जातं. तेव्हा तुझं मीटर पेपरापेक्षा दोन-चार अंश जास्त दाखवणार, हे धरूनच चाल. सिग्नलला उभ्या गाडीतून मीटरचा फोटो काढून ‘आज आपल्याकडे 48’ असं सगळ्या गटांवर पाठवणारे दर उन्हाळ्यात असतात. तू तसं करू नकोस. मैदानी भागात कमाल तापमान 40 किंवा त्याहून जास्त असावं आणि नेहमीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त असावं, किंवा सरळ 45 गाठावं, तेव्हा हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. तो निर्णय पांढऱ्या पेटीवर होतो. रानात राबणाऱ्या माणसाने काम कधी थांबवायचं हे अशा आकड्यांवर ठरतं, म्हणून त्यांत भेसळ करणं मला अजिबात पटत नाही.

आता सेन्सर. बहुतेक मीटरांसोबत काळ्या टोपीचा, मुगाच्या दाण्याएवढा थर्मिस्टर येतो. तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. तांब्याच्या तारेचं बरोबर उलटं. हा गुण पहिल्यांदा मायकेल फॅरडेने 1833 मध्ये नोंदवला, आणि कशात, तर सिल्व्हर सल्फाइडमध्ये. खामगावच्या बाजारातून आणलेली चांदीची समई काही महिन्यांत काळवंडते, तो काळा थर म्हणजे मुख्यतः हेच सल्फाइड. तुझी आजी चिंच लावून जे घासून काढते त्याच पदार्थातून थर्मिस्टरची गोष्ट सुरू झाली, हे मला फार आवडतं. आजचे थर्मिस्टर मात्र मँगनीज, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडचे असतात.

नेहमीचा थर्मिस्टर 25 अंशांना दहा हजार ओहम दाखवतो. 40 अंशांना तो साधारण 5,300 वर येतो. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, वायर लांब झाली म्हणून घाबरायचं कारण नाही. डॅशबोर्डपासून बंपरपर्यंत जाऊन-येऊन सहा मीटर वायर धरलीस तरी तिचा रोध ओहमच्या अंशातच राहतो, आणि 40 च्या आसपास एका अंशाला दोनशेहून जास्त ओहमचा फरक पडतो. वायर वाढवली की रीडिंग चुकतं असं जे सांगतात, ते या सेन्सरला लागू नाही. दुसरी गोष्ट जास्त कामाची: जोडात पाणी शिरलं की रीडिंग नक्की चुकतं. ओल्या जोडातून एक लाख ओहमची चोरवाट जरी तयार झाली, तरी 40 च्या जागी सव्वा अंश जास्त दिसतो. मीटर बंद पडत नाही, खोटं बोलत राहतं. म्हणून जोड बंपरमध्ये नकोच. सेन्सरची आलेली अखंड वायर आतपर्यंत पुरते का ते आधी मोजून बघ. नाहीच पुरली तर जोड सोल्डर कर, दोन्ही तारांचे जोड मागे-पुढे ठेव म्हणजे एकमेकांना लागणार नाहीत, आणि वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवून तापव. नुसती काळी टेप इथे चालत नाही. एका पावसाळ्यात तिचा डिंक सुटतो.

जागेचं सांगतो. बंपरच्या आतल्या बाजूला, डावीकडे, रेडिएटरच्या पुढे. रेडिएटरच्या मागे बसवलास तर पंख्याने ओढलेली गरम हवा त्याच्या अंगावर येईल. नंबरप्लेटच्या मागेही लपवू नकोस, तिथे वारा अडतो. आणि तो पत्र्याला किंवा बंपरला टेकता कामा नये, नाहीतर पत्र्याचं तापमान वाचशील. नळाच्या कामाचा पांढरा एक इंची पीव्हीसी पाइप घे, त्याचा चार इंचांचा तुकडा काप, दोन्ही तोंडं उघडी ठेव. तुकड्याला बारीक भोकं पाडून सेन्सर मधोमध टांगता राहील असा टायने बांध. तुकडा आडवा, एक तोंड पुढे. चालत्या गाडीत त्यातून वारा सरळ जातो, वरचं ऊन अडतं आणि खालच्या डांबराची झळही अडते. तुझी ही छोटी पांढरी पेटीच झाली. आरशाखालची जागा काही जण सुचवतात. ती उंच असते हे खरं, पण दाराच्या बिजागरीतून वायर न्यावी लागते, आणि दार हजारदा उघडून मिटून ती आतून तुटते. आठशेला ते करू नये.

वायर बॉनेटमधून आत आणताना फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याला, नवं भोक पाडू नकोस. असलेल्या रबरी ग्रोमेटमधून जागा निघते. प्लगच्या जाड वायरींपासून दूर ने. त्यांच्यातून हजारो व्होल्टांचा झटका जातो, आणि शेजारून वायर गेली तर इंजिन चालू असताना आकडे नाचतात. लोक म्हणतात मीटर खराब निघालं. वर नालीदार स्लीव्ह घाल, बुलढाण्यात उभ्या गाडीची वायर खारी आणि उंदीर सोडत नाहीत.

डॅशबोर्डवर सी ते एच असा एक काटा आधीच आहे. तो इंजिनाच्या पाण्याचा आहे. त्याच्या वायरीला हातही लावायचा नाही. त्या काट्यावर इंजिनाचा जीव आहे.

वीज कुठून घ्यायची, हा पुढचा भाग. चावी फिरवल्यावरच जिवंत होणारी लाइन शोध. मल्टिमीटर लाव, चावी बंद असताना शून्य आणि चालू केल्यावर बारा व्होल्ट आले पाहिजेत. मध्ये एक अँपिअरचा फ्यूज, तोही उगमाजवळ. सरळ बॅटरीवर जोडलंस तर काय होतं त्याचं गणित करून बघ: मीटर 20 मिलीअँपिअर खात असेल, तर महिन्याला 14.4 अँपिअर-तास होतात. आठशेची बॅटरी पस्तीसच्या आसपास. परीक्षेसाठी तू महिनाभर शेगावला राहिलीस, की परत आल्यावर गाडी ढकलावी लागेल. मूळ वायर कापायची नाही, फ्यूजवर चढणारा टॅप मिळतो तो घे.

आता तुझा मूळ प्रश्न. थर्मिस्टरवालं साधं बारा व्होल्टचं मीटर पुरेसं आहे. तुला हाताने काही करायची हौस असेल तर डीएस१८बी२० हा सेन्सर घे. तो आकडा आतच तयार करून डिजिटल पाठवतो आणि उणे 10 ते 85 अंशांमध्ये अर्ध्या अंशापर्यंत खरा असतो. पण पैसे जास्त गेले म्हणून वाईट जागेतला सेन्सर चांगला होत नाही. काही मीटरांत तीन-चार अंशांना बर्फाचं चिन्ह लुकलुकतं. युरोपात रस्त्यावर बर्फ साचतो तिथे ही सूचना जीव वाचवते, आणि मोटारींत बाहेरचं तापमान दाखवायचं तिथे एक कारण हेच. आपल्याला त्याच्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

बसवण्यापूर्वी सेन्सर तपासून घे. बर्फ बारीक फोड, त्यात थोडंसंच पाणी, आणि ढवळत राहा. आकडा शून्यावर येऊन थांबला पाहिजे. एखादा अंश इकडे-तिकडे असला तर वहीत लिहून ठेव आणि पुढे जास्त असेल तेवढा वजा कर, कमी असेल तेवढा मिळव. उकळत्या पाण्यात बुडवायचा मोह होईल, तो टाळ. स्वस्त सेन्सरची टोपी तेवढं सोसत नाही. शिवाय आपल्याकडे पाणी शंभरला उकळतच नाही. बुलढाणा समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, इथे ते अठ्ठ्याण्णवच्या जवळपास उकळतं.

वापरताना तीन गोष्टी ध्यानात ठेव. गाडी थांबली की इंजिनाची उष्णता पुढे पसरते आणि आकडा चढत जातो. म्हणून उभ्या गाडीचा आकडा धरायचा नाही, निघाल्यावर पाच-सात मिनिटं वाऱ्यात गेली की मग वाचायचा. कंपनीतून मीटर लागून आलेल्या बऱ्याच गाड्यांत हे काम संगणक करतो: आकडा उतरला तर लगेच दाखवतो, चढला तर गाडी वेगात येईपर्यंत धरून ठेवतो. तुझ्या आठशेत तो विचार तुला करायचाय. दुसरं, गाडी धुतल्यावर किंवा सर पडल्यावर ओला सेन्सर वाऱ्यात खूप खाली जातो. वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हात कूलरच्या ओल्या ताट्यांतून गार हवा येते ती याच कारणाने. सेन्सर वाळू दे. काळ्या मातीचा चिखल बसला तर धुऊन काढ. तिसरं, हा आकडा बाहेरचा आहे. बंद काचांच्या उभ्या गाडीत आत काय चाललंय ते तो सांगत नाही. आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते, तिथे लेकराला क्षणभरही ठेवायचं नाही.

आणि आता मजेचा भाग. अशा मीटरसाठी आपल्याइतका चांगला जिल्हा क्वचित असेल. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर अडीचशे मीटरच्या आसपास, वर घाटमाथ्यावर बुलढाणा साडेसहाशे. मधे राजूरचा घाट. हवा दर किलोमीटर उंचीला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी हवा चांगली ढवळलेली असते तेव्हा जवळजवळ दहाने. म्हणजे चारशे मीटर चढलं की अडीच ते चार अंश. बुलढाण्याला थंड हवेचं गाव का म्हणतात ते तुला मीटरवर उतरताना दिसेल.

फक्त घाट चढतानाच्या आकड्यावर विसंबू नकोस. चढताना इंजिन जोर लावतं, वेग कमी असतो, आणि सेन्सरला हवेशी जुळायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात वळणं संपलेली असतात. म्हणून मलकापूरकडून येताना मोताळा सोडल्यावर सपाट रस्त्याला एक आकडा, घाट संपून माथ्यावर काही किलोमीटर गेल्यावर दुसरा. मग लगेच परत खाली उतर आणि तिसरा घे. दरम्यान दिवसही तापत किंवा निवत असतो. खालच्या दोन आकड्यांची सरासरी काढून तिच्यातून वरचा वजा केलास तर वेळेचा फरक जवळपास निघून जातो आणि उंचीचा तेवढा उरतो. राजूरचं जमलं की खामगावकडून बोथ्याच्या घाटाने ज्ञानगंगेच्या जंगलातून ये. तिथे झाडीही आपला हात दाखवेल, म्हणून दोन्ही घाटांचे आकडे एका रकान्यात घालू नकोस.

थंडीत मात्र चित्र पालटू शकतं. वारा पडलेल्या, निरभ्र पहाटे गार हवा जड होऊन खाली खोऱ्यात साचते, आणि घाट उतरताना आकडा वाढायच्या ऐवजी घसरतो. दिवाळी झाल्यावर एखाद्या पहाटे सूर्य उगवायच्या आत मलकापूरला जाऊन येऊ. गाडी मी चालवीन, आकडे तू लिही.

तुझे आजोबा