बंदिवानाची प्रतिमा

हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहावरून जाताना आमची नजर नकळत दुसरीकडे वळते. मात्र बेड्या घातलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचे छायाचित्र आम्ही आदराने न्याहाळतो. 1879 मध्ये ते पकडले गेले आणि 1883 मध्ये एडनच्या बंदिवासात त्यांचा अंत झाला. बंदिवानाला नकाराचा अधिकार नसतो. मग त्याची अशी प्रतिमा पाहणे निर्दोष ठरते काय? आमच्या मते, ते पाहणाऱ्याच्या अंतःकरणावर अवलंबून आहे. काट्यांचा मुकुट घातलेल्या प्रभू येशूला पिलाताने जमावापुढे उभे केले. त्याच प्रसंगाच्या तसबिरीपुढे आमच्या घरी मेणबत्ती तेवते. हर्सूलच्या भिंतीआडील कच्च्या कैद्याची तसबीर मात्र आमच्या एकाही घरात नाही.