फाशी : लवकर की नीट?

कोपर्डीच्या बलात्कार-खुनाच्या घटनेनंतर २०१६ साली महाराष्ट्रभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले आणि त्यांत गुन्हेगारांना फाशी द्या, ही मागणी अग्रभागी होती. गावच्या पारापासून मुंबईच्या विधानभवनापर्यंत आजही असा गुन्हा घडला की तीच मागणी होते : शिक्षा जबर हवी आणि ती लवकर हवी. या 'लवकर' शब्दातच फाशीच्या समर्थनाची खरी अडचण दडलेली आहे. वचक बसवायचा तर घाई करावी लागते. निर्दोष माणूस मरू नये म्हणून सबुरी धरावी लागते. या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेकडून एकाच वेळी होत नाहीत.

नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या दरोडा, खून आणि बलात्काराच्या खटल्यात भटक्या समाजातील सहा जण आरोपी होते. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरवले. वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्या दिशेने तपासच झाला नाही. प्रत्येकी पाच लाखांची भरपाई मिळाली. फाशीची अंमलबजावणी 'लवकर' झाली असती, तर ती भरपाई घ्यायला कोणी उरले नसते. पुण्याच्या १९९४ च्या राठी हत्याकांडातील एक दोषी गुन्ह्याच्या वेळी अवघा बारा वर्षांचा होता, हे २०२३ मध्ये मान्य झाले. तोपर्यंत त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती आणि त्यातली बरीचशी फाशीच्या छायेत.

यावर उत्तर येते की, असे अपवाद असतातच; पण फाशीची भीती हजारो जीव वाचवते. ती भीती मोजता आलेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये तोवरचे अभ्यास तपासून सांगितले की, फाशीने खून कमी होतात की वाढतात, हे त्यांवरून ठरवता येत नाही. आपल्या विधी आयोगाने १९६७ मध्ये फाशी ठेवा म्हटले होते. २०१५ च्या २६२व्या अहवालात मात्र दहशतवादाचे गुन्हे वगळता ती रद्द करण्याची शिफारस केली. इकडे बालहत्याकांडातील गावित भगिनींची फाशी दयेच्या अर्जावरील विलंबामुळे २०२२ मध्ये जन्मठेपेत बदलली, आणि पुण्यातील २००७ च्या बीपीओ कर्मचारी खून खटल्यातील दोघांचीही अशाच दिरंगाईमुळे २०१९ मध्ये. म्हणजे विलंबाने निर्दोष वाचतो, तसा दोषीही फाशीतून सुटतो. अशा शिक्षेचा धाक कोणाला वाटणार?

मग पीडितांच्या न्यायाचे काय, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अशा गुन्ह्याला सौम्य शिक्षा देणे हा पीडितांचा अपमानच आहे. पण मरेपर्यंत तुरुंगवास ही सौम्य शिक्षा नव्हे, आणि चुकीच्या माणसाला लटकवले तर खरा गुन्हेगार मोकाट राहतो. त्यात पीडिताला काय मिळाले? मुंबई हल्ल्यातील कसाबसारख्या निःसंशय प्रकरणापुरती तरी फाशी ठेवा, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, नाशिकचा खटलाही २००९ मध्ये न्यायालयाला निःसंशयच वाटला होता. बाबासाहेब आंबेडकरांनी जून १९४९ मध्ये संविधान सभेत फाशीविरुद्धच्या अपिलांची चर्चा चालू असताना फाशीच रद्द करण्याकडे आपला कल असल्याचे सांगितले होते. गुन्हेगाराला आवरते ती फाशी नव्हे, तर पकडले जाण्याची खात्री, आणि ती येते चोख तपासातून, वेळेवर झालेल्या न्यायवैद्यक तपासणीतून, न लपवलेल्या पुराव्यातून. नाशिकच्या खटल्यात नेमके हेच कमी पडले होते, आणि ती उणीव फाशीच्या दोराने भरून निघत नाही.