बडीशेपेच्या बशीतलं दहाचं नाणं

बसा. फोन खिशात टाका. काल तुम्ही बाराजणांनी मला मानानं जेवायला नेलंत, शाल दिलीत, पाया पडलात. भरून आलं मला. पण उठताना जे केलंत ते घशाखाली उतरेना, म्हणून आज बोलावून घेतलं.

जेवणाचे 8,000 झाले होते. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, 800 रुपये. तुमच्यातल्या एकानं बिल टेबलावर आपटलं आणि सगळा हॉल वळून बघेल अशा आवाजात त्या वेटरला कायदा सुनावला. कायदा बरोबरच होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी सूचना काढल्या, की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही आणि दुसऱ्या नावानंही उकळायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या. कुणी ऐकत नसेल तर 1915 वर तक्रार करता येते. हक्काचं भांडण जरूर भांडा.

पण भांडायचं कुणाशी? तो आकडा वेटरनं घातला होता का? गल्ल्यावर जायचं, मॅनेजरला शांतपणे सांगायचं. तुम्ही मात्र जो उलट बोलू शकत नाही त्याच्यावर आवाज चढवलात. तो मान खाली घालून गेला आणि बिल बदलून घेऊन आला. चार्जचे 800 आणि त्यावरचा जीएसटी 40, असे 840 वाचले. माणशी 70 रुपये.

कायद्यानं सक्ती काढली, टीप काढली नाही. द्यायची की नाही, किती द्यायची, हे तुमच्यावर सोपवलं. म्हणजे परीक्षा तुमची होती. आणि तुम्ही काय केलंत? क्यूआर कोड स्कॅन केलात, बडीशेपेच्या बशीत दहाचं एक नाणं टाकलंत आणि निघालात. गुडघ्यामुळे मी मागं राहिले होते, म्हणून पुढचं दिसलं. त्यानं ते नाणं उचललं, अंगठ्यानं बडीशेप झटकली आणि खिशात टाकलं. मग माझी खुर्ची मागं ओढून मला उठायला हात दिला. त्याच पोरानं न सांगता तीनदा मला कोमट पाणी आणून दिलं होतं, आणि तुम्ही त्याला दोन तास ‘शुक शुक’ करत होतात.

‘बाई, हल्ली कॅश कोण ठेवतं?’ हे मला सांगू नका. पूर्वी सुटे परत यायचे, त्यातले दहा-वीस बशीत राहायचे. आता पैशापैशापर्यंत नेमकी रक्कम थेट मालकाच्या खात्यात जाते, मागं काही उरत नाही. म्हणून तर आठवण ठेवून द्यायला हवं. शंभराच्या दोन नोटा पाकिटात वेगळ्या ठेवा. नाहीतर त्यालाच विचारा, तुझ्या नंबरवर पाठवू का?

‘जीएसटी भरला की!’ तो सरकारचा. ‘पगार मालकानं द्यावा!’ द्यायलाच हवा, पुरेसा द्यायला हवा. अमेरिकेत टीप घेणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायची किमान मजुरी केंद्रीय कायद्यानुसार 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर अडकून आहे. तिथं टीप हाच पगार होऊन बसलाय. तशी वेळ इथं कुणावर येऊ नये. पण न्यू जर्सीहून आलेल्या माझ्या लाडक्या विद्यार्थ्या, तिथं 20 टक्के निमूट देतोस आणि इथं आपल्याच गावच्या पोरासमोर 70 रुपयांसाठी हात आखडतोस?

सेवा वाईट असेल तर देऊ नका, पण तसं तोंडावर सांगा. चांगली असेल तर पाच-दहा टक्के हातात द्या, आणि देताना त्याच्याकडे बघा.

आता गृहपाठ. आज संध्याकाळी दोघं-तिघं तिथं जा. ते 840 रुपये त्याच्या हातात द्या, गल्ल्यावर नाही. आवाज चढवल्याबद्दल माफी मागा. आणि येताना मला त्याचं नाव विचारून या. दोन तास त्यानं आपल्याला वाढलं, पण ते ना तुम्ही विचारलंत, ना मी.