गाईचं औषध मांजरीला नको

नंदाखाल, वसई

चि. भाचीस,


मी आणि मामी मुलाकडे मस्कतला निघालो की पावसाळाभर गाय, शेळ्या आणि कोंबड्या तुझ्या हवाली. तुझा कुत्रा आणि मांजरही वाडीत राहायला येतील. परवा फोनवर तू म्हणालीस, "वाडीत एवढा झाडपाला आहे मामा, छोट्यामोठ्या दुखण्याला तोच देईन, त्यानं काय बिघडणार?" बिघडू शकतं, आणि खूप बिघडू शकतं. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

कुठल्याही पाल्याकडे पाहून तो औषध की विष हे सांगता येत नाही. कोणत्या जनावराला, किती वजनाला, पोटात की कातडीवर, हे आधी ठरायला हवं. जुन्या वैद्यांना याची पक्की जाण होती. पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' हा नुसता हत्तींसाठीचा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानं १८९४ साली छापला. घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा निराळी. माणसाचा काढा हत्तीला चालला असता तर एवढा खटाटोप कुणी केला नसता.

विहिरीजवळची कोरफडच घे. गाईची कास सुजली, तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं प्रसार केलेला एक लेप आहे : कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम, एकत्र वाटून. सडांतलं दूध पूर्ण काढून टाकायचं, कास धुऊन कोरडी करायची आणि यातला थोडा थोडा लेप पाण्यात पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा लावायचा, पाच दिवस. पुढची धार काढण्याआधी कास पुन्हा स्वच्छ धुवायची. सूज नुकती धरली असेल तेव्हा हा उपाय करण्यासारखा आहे. पण दुधात रक्त दिसलं, गाय तापली किंवा तिनं चारा सोडला, तर लेपावर विसंबून दिवस घालवू नकोस, डॉक्टर बोलाव. आणि तीच कोरफड तुझ्या कुत्र्यानं चाटली तर? तिच्या सालीखालच्या पिवळ्या चिकानं त्याला उलट्या-जुलाब होतील. उरलेला लेप झाकून उंचावर ठेव, कुत्र्याला गोठ्यात मोकळा सोडू नकोस.

सगळ्यांत जास्त जप मांजरीला. काही तेलं आणि वेदनाशामक औषधं पचवून बाहेर टाकायला यकृताला जी विकरं लागतात, ती मांजरीत फार कमी असतात. त्यामुळे आपल्याला साधी वाटणारी वस्तू तिच्या शरीरात साचत जाते. निलगिरीचं तेल, कापूर घातलेलं तेल, सांधेदुखीचा बाम, यांतलं काही तिच्या अंगाला लावायचं नाही. लावलेलं सगळं ती चाटते, म्हणजे ते पोटातच जातं. आपल्या घरातली पॅरासिटामॉलची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. फुलांचंही लक्षात ठेव. हारात जाणारी आपल्याकडची पांढरी लिली वेगळी. पण ईस्टरला किंवा लग्नात गुच्छातून येते ती मोठ्या पाकळ्यांची लिलियम घरात आणूच नकोस. तिचे पराग अंगावरून चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजरीची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होऊ शकतात.

कुत्र्याला जंत झाले म्हणून लसूण चारायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. ती मोड. कांदा-लसणानं कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवून किंवा वाळवून तो दोष जात नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर मटणाचा रस्सा भातावर ओतून त्याच्या पुढ्यात ठेवतात, त्यातही कांदाच असतो. त्रास लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते आणि तोवर तो रस्सा कुणाच्या ध्यानातही नसतो. जंतांची गोळी वजन करून डॉक्टरांकडूनच घे.

गोचिडांवर तंबाखूचं पाणी चोळायला कुणी सांगेल. ऐकू नकोस. निकोटीन कातडीतूनही आत शिरतं आणि अंग चाटणाऱ्या जनावराला दुप्पट लागतं. सीताफळाच्या बियांची पूड उवांना मारते हे खरं, पण ती डोळ्यांत गेली तर डोळ्यांना भयंकर इजा होते, जनावराच्याही आणि तुझ्याही.

पाजण्याची रीतही सांगतो, कारण औषध बरोबर असूनही जनावर दगावतं ते इथे. गाईचं तोंड वर करून, जीभ ओढून नळीनं काढा ओतला की तो फुफ्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. नाक डोळ्याच्या रेषेच्या वर जाऊ द्यायचं नाही, जीभ मोकळी ठेवायची आणि घोट-घोट द्यायचं. त्यापेक्षा गुळात गोळी करून देणं बरं. २०२२ साली गुरांमध्ये लम्पीची साथ आली तेव्हा विड्याची पानं, काळी मिरी आणि मीठ गुळासोबत द्यायचा उपाय सगळीकडे फिरला. पानं तर आपल्या वसईच्याच वाड्यांतली, म्हणून आपल्याला त्याचं विशेष प्रेम. चारा सोडू लागलेल्या जनावराला आधार म्हणून तो द्यायला माझी हरकत नाही. पण लम्पी विषाणूची, आणि तिच्यापासून राखते ती लस. कोंबड्यांच्या मानमोडीचंही तेच : एकदा ती खुराड्यात शिरली की पाला उपयोगाचा नाही, लस आधी द्यावी लागते.

पाऊस लागला की बांधावर घाणेरी माजते. तिच्यानं जनावराचं यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते. शेळ्यांना त्या बाजूला बांधू नकोस.

आता एका बाबतीत मात्र माझं काही केल्या मोडायचं नाही. कुत्रा चावला, मग तो माणसाला चावो, गाईला की शेळीला, जखमेवर पाला, मिरची, चुना, काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. पिसाळल्याची लक्षणं दिसू लागल्यावर या जगात औषध नाही. कुणीही कितीही गुणी मुळी सांगो, तिच्यापायी एक तासही घालवू नकोस.

पशुवैद्यकाच्या फिरत्या गाडीसाठी १९६२ हा नंबर आहे, तो फोनमध्ये घालून ठेव. डॉक्टर आले की तू घरचं काय काय दिलंस ते आधी सांग. ते रागावतील म्हणून लपवू नकोस. पोटात काय गेलंय हे कळलं नाही तर त्यांचं औषधही चुकेल.

तुझ्या कुत्र्याच्या लसीच्या कार्डावरची शेवटची तारीख मला आजच कळव. वर्ष होत आलं असेल तर वाडीत आणण्यापूर्वी टोचून घे.

तुझा,
मामा